चौकटीचा कोपरा

कोकणात कॅमेरा हातातून निसटला आणि पडता पडता बटण दाबलं गेलं, तरी फोटो बरा येतो, असं आमच्याकडचे फोटोग्राफर म्हणतात. त्यात असूया आहे, पण तक्रारही खरी आहे. नांदेड-लातूरच्या माळावर कॅमेरा डोळ्याला लावला की खाली काळं रान, वर आभाळ आणि मध्ये एक आडवी रेघ. बस्स. चैत्र-वैशाखात तर ती रेघही झळांमध्ये थरथरत असते. नजरेला टेकायला काही नाही. नवा माणूस मग एखादी बाभूळ हेरतो, तिला मधोमध उभी करतो आणि घरी येऊन निवांत बघतो, तर बाभूळ आलेली असते आणि माळ कुठंच नसतो.

माझा डोळा याच माळावर तयार झाला. आमचं घर माळवदाचं. संध्याकाळी आजीनं वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला वर चढायचं आणि काम सोडून शेवटच्या एसटीची वाट बघत बसायचं. आधी गाडी दिसायची नाही, धूळ दिसायची. मग त्या एवढ्या मोठ्या मातकट पसाऱ्यात नखाएवढा लाल ठिपका. तो सापडला की बाकीचं सगळं रान त्या ठिपक्याच्या भोवतीनं पसरलंय असं वाटायचं. पुढं कॅमेरा हातात आला तेव्हा रिकाम्या जागेची भीती वाटली नाही, ती या ठिपक्यामुळं. रिकामी जागा पुरेशी मोठी असली की तीत काहीही लहान टाका, बघणारा ते शोधून काढतोच.

फोटोग्राफीच्या वर्गात पहिल्याच दिवशी चौकटीवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारून देतात. रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं महत्त्वाची वस्तू ठेवा, क्षितिज मधोमध आणू नका, वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागावर ठेवा. आता तर मोबाईलमध्येही ती जाळी असते. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली खेड्यांच्या देखाव्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात या तिसऱ्या भागाच्या हिशोबाची मांडणी सापडते. हिशोब चांगलाच आहे. मात्र स्मिथच्या देशात आभाळात काही ना काही चाललेलं असतं. आमच्या मे महिन्यातल्या आभाळाला दोन भाग दिले तर ते तसेच कोरे राहतात, कुणी पांढऱ्या चुन्यानं भिंत सारवून ठेवावी तसे. त्या भिंतीखाली काय ठेवायचं याचं उत्तर जाळीत नाही.

खरं तर नुसतं लक्ष वेधायला फारसं काही लागत नाही. लाल रंग पुरतो. थेट कॅमेऱ्यात रोखलेले डोळे पुरतात. अंधारात एक उजेडाचा तुकडा, गर्दीत एक पाठमोरा माणूस, पुढं पळत जाणारा रस्ता. या युक्त्या कुणालाही शिकवता येतात आणि त्या चालतातही. अवघड आहे ते आलेल्या नजरेला बसवून ठेवणं. मला आपलं असं वाटतं की मोठी गोष्ट माणसाला फोटोत ओढून आणते आणि कोपऱ्यातली एखादी लहान गोष्ट त्याला तिथून उठू देत नाही. मोठी आपण दाखवलेली असते. लहान त्यानं स्वतः शोधलेली असते, म्हणून ती त्याची होते.

आँरी कार्तिये-ब्रेसाँचा १९३२चा तो प्रसिद्ध फोटो घ्या. पॅरिसमधल्या सां-लाझार स्टेशनच्या मागं पाणी साचलंय आणि एक माणूस त्यावरून उडी मारतोय. टाच पाण्याला टेकायच्या आत शटर पडलंय. सगळे त्या टाचेबद्दल बोलतात. पण मागच्या भिंतीवर एक पोस्टर आहे आणि त्यात एक नर्तकी नेमकी तशीच झेप घेतेय, उलट्या दिशेनं. ती दिसली की बघणारा पुन्हा पुढच्या उडीकडं येतो, मग पुन्हा मागं जातो. टाचेनं बोलावलं आणि पोस्टरनं अडकवलं. गंमत म्हणजे फोटो कातरायचा नाही, काढताना असेल तोच ठेवायचा, असा कार्तिये-ब्रेसाँचा बाणा. आणि हा फोटो मात्र त्याला कातरावा लागला होता. कुंपणाच्या फटीतून काढलेला, बाजूला फळी आली होती.

आमच्या घरी असा एक फोटो आहे. पॅरिसचा नाही, लातूरच्या एका स्टुडिओतला. मागं रंगवलेला पडदा आहे: संगमरवरी जिना, कुंडीत फुलं आणि पलीकडं निळंशार तळं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं अशी तळ्याकाठी उभी आहेत. मध्ये खुर्चीवर आजोबा, दोन्ही हात गुडघ्यांवर, डाव्या मनगटावरचं घड्याळ दिसावं म्हणून बाही जरा वर घेतलेली. शेजारी आजी, तिच्या पदराचा काठ मांडीवर नीट पसरलेला. मागच्या रांगेत काका, खिशाला पेन. ही सगळी मांडणी फोटोवाल्याची. "खांदे आत घ्या, मधी फट ठेवू नका, हनुवटी खाली, आता हलू नका." कुठल्याही पुस्तकाचं पान न उलटता त्याला ठाऊक होतं की घड्याळ दिसलं पाहिजे आणि उंच माणूस कडेला गेला तर फोटो कलंडतो.

आणि तरी उजव्या कडेला एक हात आलाय. लहान मुलाचा, मनगटापर्यंतच. त्यानं आजीच्या पदराचं टोक घट्ट धरलंय, बाकीचं मूल चौकटीबाहेर. कुणीतरी त्याला ओढून बाजूला नेलं असणार आणि त्यानं पदर सोडला नसणार. तो हात कोणाचा यावर आमच्याकडं एकमत नाही. आत्या म्हणते तिचा, काका म्हणतो त्याच्या धाकट्या भावाचा, आणि शेजारपाजारचं मूल असेल असंही एक मत आहे. अल्बम उघडला की आजोबांच्या घड्याळावरून सगळे पुढं सरकतात आणि त्या हाताशी थांबतात. फोटोवाल्याला तो हात दिसला असता तर त्यानं नक्कीच काढायला लावला असता.

त्याला तो का दिसला नसेल, याचं एक कारण मला सुचतं. त्या काळात आमच्याकडच्या स्टुडिओंमध्ये दोन भिंगांचे कॅमेरे असत, याशिका वगैरे. छातीशी धरायचे आणि वरून काचेत वाकून बघायचं. त्या काचेत डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं दिसतं. त्याआधीच्या मोठ्या पेटीच्या कॅमेऱ्यात तर चित्र चक्क उलटं, डोकं खाली पाय वर. काळ्या कापडात डोकं घालून फोटोग्राफर त्या उलट्या जगाची जुळणी करायचा. हे गैरसोयीचं वाटतं, पण त्यात मोठा फायदा होता. उलट्या चित्रात माणसाची ओळख गळून पडते. कलेक्टर उरत नाही की जहागीरदार. राहतात ते फक्त आकार, एक गडद त्रिकोण, एक फिकट पट्टी, आणि त्यांचं एकमेकांवर पडलेलं वजन.

आपला हा सगळा मुलूख ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच्या दरबारचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ. जन्म १८४४चा, शिक्षण रुडकीच्या अभियांत्रिकी कॉलेजात, आधी सरकारी नोकरीत नकाशे आणि आराखडे काढायचं काम. काचेच्या प्लेटवर त्यांनी टिपलेले महाल आणि दरबार बघताना तो आराखडे काढणारा हात जाणवतो. इमारत कुठून धरली म्हणजे तिचा कोन बसतो, पायऱ्यांवरची माणसं किती अंतरावर उभी केली म्हणजे इमारतीची उंची कळते, हे त्यांचं कधी चुकत नाही. आणि हे सगळं डोकं खाली पाय वर बघून.

उंचीवरून आठवलं. कंधारला क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे अवशेष आहेत. नुसता दगड टिपला तर तो दगडच दिसतो. शेजारी एखादं पोर उभं राहिलं की मग आपण दचकतो. मोजपट्टी हवी, आणि ती जिवंत असली तर उत्तम.

पण मांडणी शिकायला मी कुणालाही पाठवायचं झालं तर देगलूर तालुक्यात होट्टलला पाठवीन. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली मंदिरं आहेत तिथं. सिद्धेश्वराच्या मंदिरात बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत शिरलं की आधी काही दिसत नाही. मग सभामंडपाचा सावळा उजेड, खांबांवर तेलकट चमक. पुढं अंतराळात आणखी अंधार. आणि गाभाऱ्याच्या दाराशी डोळे ठरतात. अशा दाराला नुसती एक चौकट नसते. एकीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, अशा शाखा असतात. कुठं वेलपत्ती, कुठं बारीक खांब, खाली द्वारपाल, वर मधोमध ललाटबिंब. प्रत्येक शाखा बघणाऱ्याला चार बोटं आत ढकलते. शेवटच्या चौकटीत निव्वळ काळोख आणि त्यात एक समई. नजर उजेडाकडं जाते हे फोटोग्राफीचं पहिलं सूत्र. इथं तिला अंधारातून चालवत नेलंय आणि मग एवढासाच उजेड दिलाय. कॅमेरा यायच्या कितीतरी शतकं आधी कुणा पाथरवटानं आपल्या पायांचा वेग ठरवून ठेवलाय. मी तिथं फोटो काढायला बसते आणि बराच वेळ नुसती बसूनच राहते.

लातूरची गंजगोलाई मात्र फोटोला दाद देत नाही. १९१७ साली बांधलेली ही गोल दुमजली बाजारपेठ, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली. मधोमध जगदंबेचं मंदिर आणि गोलातून फुटणारे सोळा रस्ते. सोन्याचांदीची दुकानं, चपलांची ओळ, मिरचीचा खकाणा, गुळाच्या ढेपा. जमिनीवर उभं राहून हा गोल चौकटीत येतच नाही. कुठूनही धरा, एक बाक आणि दोन रस्ते. आता ड्रोन आले आहेत. वरून टिपलं की सगळं एकदम दिसतं, सोळाच्या सोळा रस्ते, आणि ते चित्र खरोखर देखणं असतं. गोलात नजर फिरत राहते आणि बाहेर पडायला तिला सोळा वाटा असतात. पण त्या उंचीवरून मिरचीचा ठसका लागत नाही, आणि मंदिराच्या पायरीशी बसून दुसऱ्याचं बिल तिसऱ्यांदा जुळवणारा मुनीमही दिसत नाही. मला गोलाईचा खालूनच काढलेला अर्धा फोटो आवडतो, ज्यात गोल पुरा करायचं काम बघणाऱ्यावर सोडलेलं असतं.

नांदेडला अडचण नेमकी उलटी. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारलेला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा इतका समतोल आहे की समोर मधोमध उभं राहिलं की फोटो आपोआप लागतो. पांढरं शुभ्र बांधकाम, वर सोनेरी घुमट, डावीकडं जे तेच उजवीकडं. येणारा प्रत्येकजण त्याच फरशीवर उभा राहतो आणि तोच फोटो नेतो. भक्तासाठी तो पुरेसा आहे, त्याला आठवण हवी असते. बघणाऱ्याची नजर मात्र अशा फोटोत लवकर संपते. डावं बघितलं की उजवं पाठ झालेलं असतं. पहाटे फरशी धुवून काढत असताना जावं. ओल्या फरशीत घुमटाचं सोनं हललेलं असतं आणि निळ्या पगडीचा सेवादार बादली घेऊन एका बाजूनं आत येतो. तो मधोमध येऊन उभा राहायच्या आत बटण दाबायचं.

इथवर सगळं देखणं चाललंय. पण आमच्या दोन जिल्ह्यांकडं बाहेरच्या जगाचं लक्ष वेधलं गेलं ते होट्टलमुळं नव्हे.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं नुकतीच पडली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. रुंद दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावर माळवदाचं ओझं. ज्या घरांनी उन्हाळ्यात गारवा दिला तीच अंगावर आली. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. पुढच्या काही दिवसांत जे फोटो छापून आले त्यांची मांडणी एकसारखी होती: मागं दगडांचा ढीग, पुढं एक माणूस. त्या फोटोंनी मदत आणली, हे कुणी नाकारू नये. डोळ्यांनी बघितल्याशिवाय लांबची माणसं हलत नाहीत. मला खटकतं ते पुढचं. ढीग उचलले गेले, नव्या जागी सरळ रेषांत आखलेली गावं उठली. जुन्या गावातल्या वाकड्या गल्ल्यांत वाढलेली म्हातारी माणसं त्या सारख्याच घरांच्या रांगांत कितीतरी दिवस आपलं दार शोधत फिरायची. तो फोटो फारसा कुणी काढला नाही. बाहेरच्या अल्बमात किल्लारी आजही ढिगाशीच उभी आहे.

मग २०१६चा दुष्काळ. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. 'जलदूत' असं तिचं नावही झालं. फोटोग्राफरसाठी याहून सोपं काही नाही: एकामागं एक टाक्या, दोन रूळ, सगळं दूर जाऊन एका बिंदूला मिळतंय. नजर न सांगता पळत सुटते. ते फोटो जगभर गेले. त्याच दिवसांत लातूरच्या गल्ल्यांमध्ये दारोदार निळी टिपाडं होती, त्यांवर ऑइलपेंटनं घातलेली नावं होती, काहींच्या झाकणांना चक्क कुलुपं होती. भांडी विसळलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासला, असा एका बादलीचा तीन वेळा हिशोब होता. रूळ पळत गेले तिथं, त्या बिंदूच्या पलीकडं, ही टिपाडं होती.

आणि भेगा. दुष्काळाचा फोटो म्हटलं की भेगाळलेली जमीन लागतेच. मागणीच तशी असते. आता आमची काळी जमीन दर उन्हाळ्यात भेगाळते. पाऊस उत्तम झालेल्या वर्षीही भेगाळते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, हा तिचा स्वभाव आहे. शेतकऱ्याला त्याचं सुतक नसतं, उलट जमीन आपली आपण उलते म्हणून तो खूष असतो. उभ्यानं बघितलं तर ती भेग दोन बोटांची. कॅमेरा जमिनीला टेकवा, वाईड लेन्स लावा, तीच भेग दरी होते आणि तिच्या काठावर बसवलेला म्हातारा जगबुडीतून उरल्यासारखा दिसतो. खोटं काही सांगितलेलं नसतं, फक्त कॅमेरा चार फूट खाली घेतलेला असतो. दुष्काळ खोटा होता असं माझं म्हणणं नाही. तो टिपाडाच्या कुलपात होता, भेगेत नव्हता.

म्हणून हल्ली मी कुठलाही मोठा विषय धरला की कोपऱ्यात काही तरी राहू देते. माळेगावच्या यात्रेत तर ते आपोआप राहतं. लोहा तालुक्यातलं हे खंडोबाचं ठिकाण, मार्गशीर्षात यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, आणि गुरांचा मोठा बाजार. हवेत भंडारा, धूळ आणि भज्यांचा वास. लाल कंधारी बैल गडद लाल, संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारखे. आणि देवणी. देवणीत तीन तऱ्हा: शेवेरा म्हणजे पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके, बालंक्या म्हणजे पोटाखाली काळे ठिपके, आणि वानेरा म्हणजे अंग पांढरं स्वच्छ आणि तोंड काळं. वानेराचा फोटो काढणं परीक्षा असते. पांढऱ्या अंगाला उजेड बेतला तर तोंडाचा नुसता डाग होतो, तोंडाला बेतला तर अंग जळून जातं. सावलीची वाट बघावी लागते.

मी तशीच वाट बघत एका वानेराच्या समोर बसले होते. मालक जवळ आला. "ताई, समोरून काय काढायलाव? समोरून समदे बैल सारखेच." मग त्यानं मला उठवून बाजूला नेलं. बैल आडवाच घ्यायचा. चारी खुरं आली पाहिजेत, वशिंड पूर्ण पाहिजे, पाठीची रेघ सरळ दिसली पाहिजे, शेपटीचा गोंडा कापायचा नाही. बघणाऱ्याला गिऱ्हाईक समजायचं आणि त्याला काय विचारायचं असतं त्याची उत्तरं आधीच मांडून ठेवायची, हा त्याचा सगळा धडा. बैलाला त्यानं दोन पावलं पुढं घेतलं, मान वर केली, स्वतः चौकटीबाहेर गेला. मी त्याच्या सांगण्याप्रमाणं फोटो घेतला. फक्त मागच्या कोपऱ्यात कडब्यावर त्याचा नातू झोपला होता, तोंड उघडं, एका पायात चप्पल, तो राहू दिला.

फोटो त्याच्या फोनवर पाठवला. त्यानं दोन बोटांनी मोठा केला, खुरं तपासली, वशिंड तपासलं. मग कोपऱ्याकडं गेला आणि थबकला. "ह्या पोराला कशाला घेतलाव?" असं म्हणत त्यानं फोटो कातरला, नुसता बैल बाजाराच्या ग्रुपवर टाकला. काम झालं असं वाटून मी बॅग आवरायला लागले. तो तिथंच उभा राहून पुन्हा मूळ फोटो उघडून काही तरी करत होता. मान वर करून त्यानं फोन माझ्यापुढं धरला. त्याच्या डीपीवर तोंड उघडं टाकून झोपलेला नातू होता, एका चपलेसकट.

"एकात दोन फोटू निघाले की, ताई," तो म्हणाला. "पैसे एकाचेच घ्यायचे बरं का."